‘मार पुढं!’ : पोरांना फुटबॉल ‘बघायला’ कसं शिकवलं गेलं

आजचा भाग फुटबॉलचा आहे, पण मेस्सी मोठा की रोनाल्डो हा विषय नाही, आधीच सांगतो. ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहिलेला भाग. बोलताना मी जिथं जास्तच भरकटलो होतो ते इथं कापलंय. थोडं भरकटणं मुद्दाम ठेवलंय.

पुण्यातलं एक टर्फ. शनिवार, सकाळचे सात. मी आठवडाभर कोड लिहितो आणि शनिवारी सोसायटीतल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, मी मूळचा कोल्हापूरचा, एवढ्या एका क्वालिफिकेशनवर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला परस्पर कोच करून टाकलंय. लायसन्स वगैरे काही नाही.

त्या दिवशी शेजारच्या सोसायटीबरोबर मॅच होती. मी चाळीस मिनिटं लाइनवर उभा राहून ओरडत होतो. ‘पास दे’, ‘मागं ये’, ‘अरे मोकळा आहे तो’, ‘मार, मार पुढं!’ दोन गोलनी हरलो. पाणी प्यायच्या वेळी एक पोरगं माझ्याजवळ आलं. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. म्हणालं, ‘दादा, मला तो डावीकडं मोकळा दिसला होता. पण तुम्ही मार म्हणालात ना, म्हणून मारला.’

खरं सांगतो, मला काय बोलावं कळेना. कारण कोल्हापुरात मी बारा वर्षांचा असताना माझ्याबाबतीत नेमकं हेच झालं होतं. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे तालीम आणि पेठ. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर मोठ्या मॅचला जी गर्दी होते ती बघून मोठा झालेला पोरगा मैदानात उतरणारच. आम्हाला मोठ्यांचंच मैदान, मोठ्यांचेच गोलपोस्ट, अकरा विरुद्ध अकरा. मी लेफ्ट बॅक. बॉल आला की मागून आवाज यायचा, ‘मार पुढं!’ मी मारायचो. चार वर्षं मारत राहिलो. मान वर करून कुठं मारतोय हे बघायची सवय मला कधी लागलीच नाही. आजही लागलेली नाही. ऑफिसच्या मॅचमध्येसुद्धा बॉल आला की माझी नजर खाली जाते.

मग गेले काही आठवडे रात्री मी एकच गोष्ट वाचत बसलो. हे ‘दिसणं’ शिकवायचा प्रयत्न जगात कुणी, कधी आणि कसा केला? ही गोष्ट बरीच रंजक निघाली. त्यात आपल्या हॉकीच्या एका गोल्ड मेडलचाही धागा आहे. तो पुढं येईल.

आधी एक गोष्ट मोकळी करू. टॅक्टिक्स म्हटलं की आपल्याला ४-३-३, ४-४-२ असले आकडे आठवतात, बोर्डवर फिरणारे मॅग्नेट आठवतात. पण आठ वर्षांच्या मुलासाठी टॅक्टिक्स म्हणजे तीन साधे प्रश्न असतात. जागा कुठं आहे? आपला कोण मोकळा आहे? आणि आत्ता जाऊ की थांबू? ही उत्तरं अर्ध्या सेकंदात सापडावी लागतात. अर्ध्या सेकंदात बाहेरून कुणी ओरडून सांगितलं तरी उपयोग नसतो, कारण ऐकून, समजून, पाय हलवेपर्यंत चित्र बदललेलं असतं.

आता मला सांगा, आपल्याला गल्ली क्रिकेटमध्ये बॉल जमिनीलगत मारायला कुणी शिकवलं? कुणीच नाही. ‘वन टिप वन हँड आउट’ हा नियम होता. जोश्यांच्या खिडकीला लागला की आउट, वर बॉल आणायची जबाबदारी मारणाऱ्याची. मग आपोआप गॅप शोधायला लागलो. गल्ली अरुंद होती, नियम तिरपागडे होते, पण शिकवत तेच होते.

अ‍ॅमस्टरडॅममध्येही हेच चालायचं. योहान क्रायफ १९४७ साली जन्मला. बेटोनडोर्प नावाच्या कामगारवस्तीत, आयाक्स क्लबच्या जुन्या स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर वाढला. तो सांगायचा की रस्त्यावर खेळताना फुटपाथची कड हा आपला एक सहकारीच होता. कडेवर बॉल आपटायचा, परत येतो, तोवर आपण समोरच्याला पार केलेलं असतं. खाली काँक्रीट असल्यामुळं पडलं की गुडघे फुटायचे, म्हणून तोल सांभाळायची सवय लागली. पुढं जगातला सगळ्यात हुशार खेळाडू म्हणून ज्याचं नाव झालं, त्याचा पहिला कोच ही ती फुटपाथची कड.

पण मग रस्त्यांवर गाड्या आल्या. नेदरलँड्समध्ये साठ-सत्तरच्या दशकांत जे झालं ते आपल्याकडं आत्ता आपल्या डोळ्यांसमोर झालंय. रस्ता गेला, पार्किंग आलं. मुलं क्लबमध्ये जाऊ लागली. क्लबमध्ये कोन मांडलेले, रांगा लावलेल्या. एकेकानं बॉल घेऊन कोनांतून जायचं आणि रांगेच्या शेवटी उभं राहायचं. नंबर परत यायला दोन मिनिटं. आणि रविवारी एकदम मोठ्या मैदानावर मॅच.

डच फुटबॉल असोसिएशनचं मुख्यालय झाइस्ट नावाच्या गावात आहे. तिथं १९८०च्या दशकाच्या मध्यावर रिनस मिखेल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर विचार केला. मिखेल्स म्हणजे ‘टोटल फुटबॉल’वाला, १९७४च्या वर्ल्ड कप फायनलला पोचलेल्या हॉलंडचा कोच. आणि हे फारसं सांगितलं जात नाही, पण तो शारीरिक शिक्षणाचा शिक्षकही होता. त्यांचा प्रश्न साधा होता: रस्ता तर परत आणता येत नाही, मग रस्त्यावर जे शिकलं जायचं ते क्लबमध्ये कसं आणायचं?

उत्तर निघालं चार विरुद्ध चार. चारच का? कारण चार जण उभे राहिले की पतंगाचा आकार होतो. एक मागं, एक डावीकडं, एक उजवीकडं, एक पुढं. ज्याच्याकडं बॉल आहे त्याला तीन दिशांना पर्याय मिळतात. रुंदी आली, खोली आली. तीनच ठेवले तर यातली एक बाजू कमी पडते. मोठ्या फुटबॉलमधलं जवळजवळ सगळं ज्यात शिल्लक राहतं असा हा सगळ्यात छोटा खेळ, असं त्यांचं म्हणणं.

मी इंजिनिअर, त्यामुळं आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही. अकरा विरुद्ध अकरामध्ये मैदानात बावीस जण. प्रत्येक दोघांमधलं नातं धरलं तर २३१ जोड्या होतात. चार विरुद्ध चारमध्ये २८. तीन विरुद्ध तीनमध्ये फक्त १५. आठ वर्षांच्या मुलाला २३१ गोष्टींतून काम काढायला सांगायचं आणि त्याला सापडली नाही की त्याच्यावर ओरडायचं, हे मी करत होतो.

अर्थात सगळ्यांना हे पटलं असं नाही. हॉलंडमध्येच विल कूर्वर नावाचा कोच होता, फेयनूर्डला १९७४चा यूएफा कप जिंकून देणारा. त्यानं पेलेसारख्या मोठ्या खेळाडूंच्या फिल्म पुन्हा पुन्हा बघितल्या, त्यांच्या हालचालींचे तुकडे पाडले आणि सांगितलं की कसब शिकवता येतं, पायरीपायरीनं, घोटून घोटून. त्याच्या बाजूच्यांचा सवाल असा: पोराला बॉल पायात ठेवता येत नसेल तर त्याला मोकळी जागा दिसून करायचंय काय? आणि झाइस्टवाल्यांचा उलटा सवाल: बॉल पायात आहे, पण कुठं जायचं कळत नाही, तर त्या पायाचं काय करायचं? हा वाद चांगलाच रंगला आणि खरं तर अजून मिटलेला नाही. मी सुरुवातीला पूर्ण झाइस्टच्या बाजूनं होतो. आता थोडा हललोय. का ते शेवटी सांगतो.

साधारण याच सुमाराला, १९८२ साली, इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प या दोघांनी एक लेख लिहिला. ते शाळांतले पीटीचे तास बघत होते. मुलं तासाला पास शिकायची, ट्रॅप शिकायची, आणि शेवटच्या दहा मिनिटांत खेळ सुरू झाला की शिकलेलं सगळं गायब. त्यांनी क्रम उलटा केला. आधी मुलाला झेपेल असा छोटा खेळ द्या. खेळात अडचण येऊ द्या. मग विचारा, काय करता येईल? आणि ते करायला जे कसब कमी पडतंय ते तेव्हा शिकवा. आपल्याकडं प्रोग्रामिंग शिकताना हेच झालंय बघा. सी लँग्वेजचे पॉइंटर कॉलेजात चार महिने शिकलो, कळलं काहीच नाही. पहिल्या नोकरीत एक बग सापडेना म्हणून रात्री दोनपर्यंत बसलो तेव्हा कळलं.

आता स्पेन. बार्सिलोनाची ‘ला मासिया’ सगळ्यांना माहीत आहे, तिच्यावर यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, म्हणून मी तिथं फार थांबत नाही. फक्त एका माणसाचं नाव घेतो, कारण ते मागं पडलंय. लाउरेआनो रुइझ. १९७२ साली तो सांतांदेरहून बार्सिलोनाच्या युवा संघांकडं आला. तो सांगतो की तिथं कोचच्या खोलीत एक पाटी होती: १ मीटर ८० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचा पोरगा दाखवायला आणला असेल तर आल्या पावली परत जा. रुइझनं ती पाटी काढून टाकली. त्यानं रोंदो आणला, म्हणजे गोल करून उभं राहायचं, मधे एक-दोन जण बॉल हिसकवायला, आणि बाहेरच्यांनी एका-दोन टचमध्ये फिरवत ठेवायचा. आपल्याकडं लहानपणी याला ‘माकड’ म्हणायचे, वॉर्मअपला पाच मिनिटं. रुइझसाठी हा वर्ग होता. बॉल यायच्या आधीच बघून ठेवल्याशिवाय एका टचमध्ये देताच येत नाही, म्हणजे मान वर करणं हे नियमातच बसवलेलं. क्रायफ तिथं कोच म्हणून आला १९८८ साली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. २०१० साली बॅलन डी’ऑरच्या शेवटच्या तीन जणांत मेस्सी, इनिएस्ता आणि चावी होते. तिघंही त्याच क्लबात वाढलेले, आणि तिघांपैकी एकही त्या पाटीखालून आत शिरू शकला नसता.

बरं, आता तो हॉकीचा धागा.

२९ जुलै १९८०. मॉस्को ऑलिंपिक, हॉकीची फायनल. भारत विरुद्ध स्पेन. भारत ४-३ जिंकला. वासुदेवन भास्करन कॅप्टन. हॉकीतलं आपलं आठवं आणि आत्तापर्यंतचं शेवटचं ऑलिंपिक गोल्ड. समोर स्पेनच्या बाकावर जो कोच होता तो जर्मन होता, हानोव्हरचा, नाव होर्स्ट वाइन. हो, वाइन. नावावरून जोक करून झाले असतील तर पुढं जाऊ.

वाइन हॉकीचा माणूस, हॉकीवर पुस्तकं लिहिणारा. पण तो बार्सिलोनाजवळ स्थायिक झाला आणि हळूहळू त्याचं लक्ष फुटबॉलकडं वळलं. बाहेरचा असल्यामुळं त्याला एक गोष्ट खटकली, जी आतल्यांना दिसत नव्हती. मुलांना मोठ्यांचे बूट घालायला लावत नाही, मोठ्यांच्या सायकलवर बसवत नाही, मग मोठ्यांचा फुटबॉल का खेळायला लावता? टेनिसमध्ये, बास्केटबॉलमध्ये मुलांसाठी खेळ लहान केला जातो, मग फुटबॉललाच काय झालंय?

त्यानं एक खेळ बनवला. नाव फुनिनो. ‘फन’ आणि ‘निन्यो’, म्हणजे स्पॅनिशमध्ये लहान मूल. तीन विरुद्ध तीन. मैदान बास्केटबॉल कोर्टापेक्षा थोडं रुंद. गोलकीपर नाही. आणि गोल चार. प्रत्येक टोकाला दोन छोटे गोल, एकमेकांपासून लांब, कडेला. दोन गोल तुम्ही वाचवायचे, दोनांत तुम्ही मारायचे. आणि लांबून मारलेला गोल धरायचा नाही. गोलसमोर सहा मीटरवर रेघ असते, तिच्या आत शिरल्यावरच मारायचं.

या नियमांकडं जरा नीट बघा. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना असली गोष्ट बघून फार बरं वाटतं. एकच गोल असला की सगळी पोरं त्याच्याकडं पळतात, आणि जो ताकदवान तो मधून घुसतो. दोन गोल ठेवले की बॉलवाल्याला एक प्रश्न पडतो: कुठला? समोर गर्दी आहे, मग दुसऱ्याकडं कोण आहे? हे कळायला मान वर करावीच लागते. लांबून मारता येत नाही म्हणून ‘मार पुढं’ हा पर्यायच बाद. आणि तीनच जण असल्यामुळं लपायला जागा नाही. मोठ्या मॅचमध्ये मी लेफ्ट बॅकला दहा दहा मिनिटं ढगांकडं बघत उभा असायचो, ते इथं शक्य नाही. कोचला ‘मोकळी जागा शोधा’ असं तोंडानं सांगावंच लागत नाही.

वाइनचा दुसरा हट्ट प्रश्न विचारण्याचा. चूक झाली की थांबवून उत्तर सांगायचं नाही. विचारायचं, ‘तुला काय दिसलं?’ हे वाचलं तेव्हा मला त्या पोराचं वाक्य आठवलं. त्यानं मी न विचारताच सांगितलं होतं.

आता या सगळ्याला देश म्हणून कुणी गंभीरपणे घेतलं? जे आधी चांगलेच तोंडावर पडले त्यांनी.

युरो २००० बेल्जियम आणि नेदरलँड्सनं मिळून भरवला. यजमान असून बेल्जियम पहिल्याच फेरीत बाहेर. मिशेल साब्लॉन त्या स्पर्धेच्या आयोजनात होता आणि त्यानंतर फेडरेशनचा तांत्रिक संचालक झाला. त्यानं आधी माहिती गोळा केली. लूवेन विद्यापीठाच्या वर्नर हेल्सनकडं काम दिलं, आणि त्यांनी वेगवेगळ्या वयोगटांच्या साधारण दीड हजार मॅचचं चित्रण तपासलं. निष्कर्ष कुठल्याही पालकाला आवडणारा नव्हता. मॅच जिंकण्यावर फार जोर आहे, मुलं शिकण्यावर कमी. अगदी लहान मुलांच्या मॅचमध्ये कितीतरी पोरांच्या वाट्याला बॉल येतच नाही.

मग त्यांनी वयाप्रमाणं जी शिडी लावली ती मला फार आवडते. सगळ्यात लहान, सहा-सात वर्षांचे, दोन विरुद्ध दोन. या वयात मुलाला बॉल आणि मी एवढंच जग असतं, पास वगैरे नंतर. लहान पोरं बॉलभोवती मोहोळासारखी गोळा होतात, त्यांना ‘पसरा रे’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, ते वयच तसं आहे. तर त्या वयात फक्त ड्रिबल. आठ-नऊला पाच विरुद्ध पाच: गोलकीपर अधिक चार, म्हणजे तोच पतंग. आता जवळचा पास अर्थपूर्ण होतो. दहा-अकरापासून आठ विरुद्ध आठ: गोलकीपर अधिक सात. सात कसे? दोन पतंग एकमेकांना जोडले आणि मधला एक खेळाडू दोघांत सामाईक ठेवला की चार अधिक चार वजा एक, सात. म्हणजे त्या मधल्या पोराला आता मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही पतंगांचं भान ठेवावं लागतं. आणि मग तेरा-चौदाच्या आसपास अकरा विरुद्ध अकरा, ४-३-३. तोवर त्या मुलाच्या लेखी ४-३-३ हा पाठ करायचा आकडा राहिलेला नसतो, ओळखीचे पतंगच जास्त झालेले असतात.

आणि सगळ्यात वादाचा निर्णय: अगदी लहान गटांसाठी लीग टेबल बंद. पॉइंट नाहीत, पहिला-दुसरा नाही. क्लब नाराज झाले. राष्ट्रीय युवा संघांनाही सांगितलं, ४-३-३ खेळा, हरलात तरी चालेल. ते हरलेही. तिकडं मोठ्यांचा संघ २००२च्या वर्ल्ड कपनंतर सलग पाच मोठ्या स्पर्धांना पात्रच ठरला नाही. २००७ साली फिफा रँकिंगमध्ये ७१व्या नंबरपर्यंत घसरला. विचार करा, तुम्ही त्या खुर्चीत आहात, देशभर नवी पद्धत लावलीय आणि निकाल दरवर्षी वाईट येतोय. आपल्याकडं दोन स्प्रिंटमध्ये निकाल दिसला नाही तर प्रोजेक्ट बंद करतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये बेल्जियम पहिल्यांदा जगात एक नंबरला गेलं. २०१८च्या वर्ल्ड कपमध्ये तिसरं. देश केवढा, तर लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. हे सगळं साब्लॉनच्या शिडीमुळं झालं असं मी म्हणणार नाही. हझार्ड चौदाव्या वर्षी सीमा ओलांडून फ्रान्समध्ये लीलला गेला. व्हर्टोंगेन, आल्डरवाइरल्ड, व्हरमालन आयाक्समध्ये घडले. आणि ज्याला गोल्डन जनरेशन म्हणतात त्या पिढीनं एकही मोठा कप जिंकला नाही. तरी एवढ्या छोट्या देशातून एकाच वेळी इतके खेळाडू येणं याला नुसता योगायोग म्हणायला माझं मन तयार होत नाही.

त्याच युरो २००० मध्ये जर्मनी गटात शेवटचं आलं होतं, एक पॉइंट. त्यांनीही देशभर शेकडो प्रशिक्षण केंद्रं काढली, व्यावसायिक क्लबांना अकॅडमी सक्तीची केली, २०१४चा वर्ल्ड कप जिंकला. मग २०१८ आणि २०२२ असे दोनदा पहिल्या फेरीत बाहेर. आणि आता गंमत बघा. त्यांनी २०२४-२५च्या हंगामापासून लहान मुलांसाठी नवी पद्धत बंधनकारक केली. सगळ्यात लहान गटांत दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन, चार छोटे गोल, टेबल नाही. एका दिवशी शेजारी शेजारी बरीच छोटी मैदानं, जिंकलं की वरच्या मैदानावर, हरलं की खालच्या, म्हणजे थोड्या वेळात प्रत्येकाला आपल्या जोडीचा प्रतिस्पर्धी मिळतो. ओळखीचं वाटतंय ना? होर्स्ट वाइन २०१६ साली वारला. त्याच्याच देशानं त्याचा खेळ नियम म्हणून आणला, तेव्हा तो बघायला नव्हता. त्यावर तिथल्या मोठमोठ्या लोकांनी जाहीर टिंगलही केली. डॉर्टमुंडचा प्रमुख वात्सके त्यात सगळ्यात पुढं होता. पोरांना हरायला शिकवायचं नाही का, असा एकूण सूर.

तो सूर मला परका नाही, कारण तो आमच्या टर्फवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला असतो.

मी त्यानंतरच्या शनिवारी चार गोल लावले. गोल म्हणजे काय, पोरांच्या दप्तरांच्या आणि बाटल्यांच्या जोड्या. चुन्याची रेघ मारता येत नाही म्हणून सहा मीटरवर चपला मांडल्या. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. दोन पोरं चुकीच्या बाजूचे गोल मारून नाचली. एका बाबांनी विचारलं, ‘मॅच कधी सुरू करणार?’ म्हटलं, हीच मॅच आहे. ते हसले, पण मनापासून नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मुलाला दुसरीकडं घातलं, तिथं जर्सी मिळते आणि महिन्याला एक टुर्नामेंट असते. त्यांना मी दोष देत नाही. बारा वर्षांच्या मला कुणी विचारलं असतं, जर्सी पाहिजे की चपलांची रेघ, तर मी काय निवडलं असतं हे मला पक्कं माहीत आहे. आपल्याकडंही फेडरेशनच्या लहान मुलांच्या लीग आहेत, छोटी मैदानं, कमी खेळाडू, कल्पना तीच. पण मोठ्यांच्या मनातलं मैदान लहान व्हायला वेळ लागतोय.

मला सगळ्यात अवघड गेलं ते गप्प बसणं. मी खिशात हात घालून उभा राहतो आणि दर दहा सेकंदांनी तोंड उघडून परत मिटतो. पोरांनी त्याची नक्कल करायला सुरुवात केलीय.

मागच्या शनिवारी त्या पोराकडं बॉल आला. तोच, ‘डावीकडं मोकळा दिसला होता’वाला. समोर दोघं. पूर्वी त्यानं माझ्याकडं बघितलं असतं. या वेळी त्यानं बॉलवर पाय ठेवला, थांबला, मान वर केली, आणि लांबच्या गोलकडं वळला. तिकडं आपला एक जण एकटा उभा होता. मला दिसत होतं, त्याला दिसत होतं, बाबा लोकांनाही दिसत होतं. त्यानं डाव्या पायानं पास दिला आणि बॉल भलतीकडंच, बाटल्यांच्या मागं, जाळीला जाऊन आपटला.

मी जवळ गेलो आणि वाइनचा प्रश्न विचारला. ‘तुला काय दिसलं?’

‘तो दिसला ना दादा. बरोबर दिसला. पण डावा पाय नाही चालत माझा.’

तर या शनिवारी पहिली पंधरा मिनिटं कूर्वरची. प्रत्येकाला एक बॉल आणि फक्त डावा पाय. त्यानंतर चपला मांडायच्या. भेटू पुढच्या भागात.